वारा अडवणारी आत्या

माशी सुंदर असते, असं मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आत्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. ताप नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेल्या एका हिरव्या माशीचा फोटो मी नुकताच काढला होता आणि तो मोठा करून बघितल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढंच. तिच्या पाठीवर हिरवा, निळा, सोनेरी असे रंग एकमेकांत मिसळले होते, डोळे तांबड्या मखमलीचे होते आणि पानावर बसण्याआधी हात धुणाऱ्या पाहुण्यासारखी ती पुढचे पाय एकमेकांवर चोळत उभी होती. "बघ तरी," म्हणून मी आत्यापुढे कॅमेरा धरला. तिने बघितलं आणि म्हणाली, "झाकण ठेव त्या वरणावर."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी नोकरीसाठी हैदराबादला आले ती थेट तिच्या काचीगुड्याच्या घरी आणि 'सध्या राहते, मग बघू' असं म्हणत म्हणत तिथेच राहिले. तिचे यजमान फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. आमच्या सगळ्यांची शेती तिकडे मराठवाड्यात, पण ही लग्न होऊन या शहरात आली ती इथलीच झाली. तिची मराठी तिकडची, तिच्यातला उर्दूचा मसाला इथला, आणि भाजीवालीशी तेलुगू. भांडण मात्र ती तिन्ही भाषांत सारख्याच सफाईने करते.

माझं ऑफिस कोठी भागात. तिथे दिवसभर मी एक शहाणी, नीटनेटकी बाई असते. सकाळी मात्र ऑफिसच्या आधी मी स्टेशनच्या बाजूला, कुंपणाला लागून असलेल्या एका रिकाम्या जागेत गुडघे टेकून, मान वाकडी करून, तोंड गवतात खुपसून बसलेली असते. तिथे रुई, एरंड, घाणेरी असं कुणीही न लावलेलं सगळं वाढलेलं आहे, आणि त्यावर राहणारी वस्ती काचीगुड्यापेक्षा दाट आहे. मी तिथल्या किड्यांचे आणि कोळ्यांचे अगदी जवळून फोटो काढते. त्यासाठी वेगळी लेन्स लागते. ती लावली की डाळीएवढा कोळी चौकट भरून बसतो. पण या लेन्सचा स्वभाव फार खट आहे. तिला जेवढं स्पष्ट दिसतं ती पट्टी नखाच्या जाडीएवढीसुद्धा नसते. कोळ्याचा डोळा साधला तर पाय धूसर, पाय साधला तर डोळा धूसर, आणि आपण श्वास सोडला तर कोळीच चौकटीबाहेर. म्हणून आम्हा किडेवाल्यांचा एकच नियम असतो. डोळा स्पष्ट आला पाहिजे. डोळा आला की फोटो जिवंत, बाकी सगळं पुसट झालं तरी चालतं.

हैदराबादेत गवतात तोंड खुपसून बसलेल्या बाईला कुणी एकटं सोडत नाही. पहिल्याच आठवड्यात सकाळी फिरायला निघालेल्या एका गृहस्थांनी थांबून विचारलं, "क्या ढूंडरे मॅडम? कुछ गिर गया क्या?" मी कंटाळून म्हणाले, "हौ, कान की बाली." झालं. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि शोधायला बसले. मागून येणाऱ्या दोघांना बोलावलं. चहावाल्याने दुकान सोडून बॅटरी आणली, भर उजेडात. सगळ्यांनी मिळून अशा काही मायेने माझी नसलेली बाळी शोधली की मी आदल्या दिवसापासून राखून ठेवलेला नाकतोडा, त्याचं झुडूप आणि आजूबाजूचं सगळं गवत सपाट झालं. शिवाय दुसरी बाळी कानात तशीच आहे, म्हणजे निदान दोन्ही तरी गेल्या नाहीत, असं म्हणून त्यांनी माझं सांत्वन केलं. त्या दिवसापासून मी खरं सांगते. "मकडी का फोटो लेरी." मग ते विचारतात, "कायकू?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुठल्याच भाषेत देता आलेलं नाही.

आत्याचा आणि माझा करार होता. घरातली जळमटं तिच्या केरसुणीची, बाहेरची माझ्या कॅमेऱ्याची. ती माझे फोटो बघत नसे, मी तिच्या साफसफाईत पडत नसे. पण एका रविवारी मी कॉम्प्युटरवर एक फोटो उघडा ठेवून आंघोळीला गेले. उड्या मारणाऱ्या कोळ्याचा चेहरा होता तो. हे कोळी जाळं विणून वाट बघत बसत नाहीत, मांजरासारखे दबकत जातात आणि झेप घेतात. पुढे दोन मोठे गोल डोळे, बाजूला आणखी लहान लहान, भुवयांच्या जागी नारिंगी केस, तोंडाशी हिरवी चकाकी. बाहेर येऊन बघते तर आत्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलेली.

"ह्यो कोण?" तिने विचारलं.

"कोळी. आपल्या भिंतीवर असतो ना, टुणकन उडी मारतो तो. त्याचाच भाऊबंद."

"त्याला मी रोज झाडूनं हाकलते, तो?" ती आणखी पुढे वाकली. "नवरदेवावानी नटवलीस की गं त्याला."

चष्मा वर सारून ती त्याचे डोळे न्याहाळत राहिली. मी डोकं पुसत उभी राहिले. शेवटी ती म्हणाली, "माझा एक काढ."

"काय?"

"फोटो. हार घालायचा."

मी घाबरलेच. तिला काही झालं आहे का, डॉक्टर काही म्हणाले का, असं सगळं एका दमात विचारून टाकलं. तिला काहीही झालं नव्हतं. ती माझ्याहून दुप्पट जेवते आणि स्टेशनचा पूल न थांबता चढते. तिला फक्त काळजी लागून राहिली होती, आणि ती काळजी तिने मला चहा करता करता सविस्तर सांगितली. माणूस गेलं की घरात पळापळ होते. फोटो शोधायला कुणाला सवड नसते. मग जो हाताला लागेल तो मोठा करून लावतात. आणि तिचा एकटीचा असा आख्ख्या जगात एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. त्यात ती पोलिसांना हवी असलेली बाई दिसते. हे ती स्वतःच म्हणाली. बाकी फोटो लग्नामुंजीतले, आणि त्या प्रत्येकात ती कडेला. अर्धा खांदा, पदराचा काठ, नाहीतर वाढताना पुढे आलेला हात.

"तुझ्या मामांचं बघ की," असं म्हणत तिने भिंतीकडे बोट केलं. आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो. मामांचा तो फोटो मी रोज बघत होते, पण नीट कधी बघितला नव्हता. ऑफिसातल्या कुठल्याशा समूहाच्या फोटोतून त्यांना कापून काढून मोठं केलेलं होतं. देखणे होते. आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. मनगटापर्यंत. घड्याळ घातलेला.

"कुणाचा आहे?"

"मला काय ठावं? शेजारी कोण उभं होतं कुणास ठाऊक. इतकी वर्षं हार घालायलेय, त्या हाताला बी घालायलेय. दसऱ्याला गंध लावते तवा त्याला बी बोट लागतंय." ती हसली. हसताना नेहमीप्रमाणे पदर तोंडावर गेला. मग पदर खाली घेऊन म्हणाली, "मला माझा एकटीचा पाहिजे. मी आहे तशी. पुन्हा कुणी बघितला तर म्हणलं पाहिजे, होय, ही तीच."

मला त्या क्षणी तिचं फार वाईट वाटलं आणि स्वतःचा फार अभिमानही वाटला, कारण घरात कॅमेरा बाळगणारी मीच होते. मी म्हणाले, आत्ता काढू. हा आत्मविश्वास मला नडला. ज्या बाईने आयुष्यात फक्त सहा नाहीतर आठ पाय असलेल्यांचे चेहरे टिपले आहेत, तिने दोन पायांच्या माणसासमोर नम्र असावं.

आत्याने इस्त्रीची साडी नेसली, कपाळावर गंध लावलं आणि चष्मा काढून खुर्चीत बसली. मी सवयीने कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला, सवयीने गुडघ्यावर बसले आणि सवयीने पुढे सरकत गेले. आणखी पुढे, आणखी पुढे. डोळा स्पष्ट आला पाहिजे! आला. खुटकन फोटो निघाला. आम्ही दोघींनी तो बघितला. चौकटभर एक डोळा होता, त्याच्याखाली चामखीळ होती, आणि फ्लॅशच्या उजेडात गालावरची एकेक सुरकुती नांगराच्या तासासारखी खोल दिसत होती.

"हे काय हाय?" आत्याने विचारलं.

"तू."

"मी? मला वाटलं वारूळ."

त्या दिवशी तिने माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणजे वाढलं सगळं, पण भांडी जरा जोरात आपटून. मग मी मागे सरून, फ्लॅश काढून, खिडकीच्या उजेडात पुन्हा प्रयत्न केले. आता अडचण तिची होती. कॅमेरा वर गेला की आत्या थिजायची. मान ताठ, ओठ घट्ट, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर. कोळ्यांचंही असंच होतं. जवळ गेलं की पाय आक्रसून ते दगड होतात. पण कोळी थोड्या वेळाने विसरतो. आत्या विसरत नव्हती. मी तिला हसायला सांगितलं की ती पदर तोंडाला लावायची. पुढचा एक दात कधीच पडलेला आणि तो दिसू द्यायचा नाही, हा तिचा नेम. शिवाय दात पडायच्या आधीपासूनच ती तोंड झाकूनच हसते, असं ती म्हणाली. ऐन तरुणपणी नवरा गेलेल्या बाईने दात दाखवून हसलेलं त्या काळी लोकांना चालत नसे. मला त्या लोकांचा भयंकर राग आला. राग काढायला त्यातलं कुणी हयात नव्हतं, म्हणून मी कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर काढला.

मग आम्ही धंदेवाईक माणसाकडे गेलो. हिमायतनगरच्या एका स्टुडिओत त्याने तिला उंच स्टुलावर बसवलं, हनुवटी दोन बोटांनी उचलली आणि संध्याकाळी तयार फोटो हातात दिला. आत्याची चामखीळ गेली होती. सुरकुत्या गेल्या होत्या. रंग दोन हात उजळला होता आणि मागे धबधबा आला होता. आत्याने तो फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "ही कोण बाई?" तिने त्याला विचारलं. तो हसला. त्याला ती गंमत वाटली. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "हिला हार घातला तर तो हिलाच पोचंल. मला कसा पोचायचा?" आणि मग जरा वेळाने, रस्त्याकडे बघत, "राहू दे बाई. आधारचाच लावा."

हे ती चिडून म्हणाली असती तर मला चाललं असतं. ती शांतपणे म्हणाली. मला रडू आलं. एवढीशी गोष्ट तिने मागितली होती, आणि मुंगीच्या मिशा मोजता येतील असे फोटो काढणाऱ्या मला ती देता येत नव्हती.

एवढ्यात पावसाळा तोंडावर आला आणि हैदराबादेत वारं सुटलं. पाऊस यायच्या आधीचे काही आठवडे इथे नुसतं वारं असतं. कपडे वाळतात छान, पण किड्यांचे फोटो काढणाऱ्याने अशा दिवसांत घरीच बसावं. पान हलतं, पानावरचा कोळी हलतो आणि आपण वाऱ्याला शिव्या देत राहतो. नेमका त्याच दिवसांत स्टेशनजवळच्या रुईवर मला एक उड्या मारणारा कोळी सापडला. काळाभोर, कपाळावर पांढरा पट्टा, आणि स्वभाव असा की पळून जायच्या ऐवजी तो वळून आपल्याकडे बघायचा. रोज तो मला बघायचा, मी त्याला बघायची, आणि रोज ऐन वेळी वारं यायचं. मी घरी येऊन आदळआपट करायची.

"नुसतं वारंच अडवायचं हाय ना?" एक दिवस आत्या म्हणाली. "मग मी येते की. धरते काहीतरी."

वारा अडवायला आत्यासारखी चीज नाही. ती उंचीने बेताची पण रुंदीने भक्कम. सोबत तिने आपल्या जुन्या पांढऱ्या सुती साडीचा मोठा तुकडा आणला आणि रुईच्या वाऱ्याकडच्या बाजूला, दोन्ही हातांनी तो पाठीमागे ताणून धरून उभी राहिली. वारं तर थांबलंच, शिवाय कोवळं ऊन त्या कापडातून गाळून आलं आणि कोळ्याच्या अंगावर असा मऊ उजेड पडला की मी थक्क झाले. असा उजेड मिळावा म्हणून लोक फ्लॅशला काय काय बांधतात. मी आनंदाने आत्याला मिठी मारायला गेले तर ती ओरडली, "हलू नको, वारं येतंय!"

त्यानंतर ती रोज यायला लागली. दोन दिवसांत तिने कामाचा ताबा घेतला. फिरायला येणारे थांबून 'कायकू' विचारायच्या आतच ती कापड धरूनच आवाज द्यायची, "हटो जी, हवा नक्को करो! काम चालू है!" ते बिचारे दबकत, चपला न वाजवता जायचे. डोळा म्हणजे काय, तो का यायला पाहिजे, हे सगळं तिने माझ्याकडून काढून घेतलं आणि मग माझीच परीक्षा घ्यायला लागली. फोटो निघाला की कापड न सोडता तिथूनच विचारायची, "डोळा आला का?" मी नाही म्हणाले की तोंडाने चक् असा आवाज. कोळ्यालाही ती दटावायची. "इकडं बघ की रे भाड्या, बाई किती वेळची बसलीय." आणि तो खरंच बघायचा. अर्थात तो सगळ्यांकडेच बघायचा, पण हे मी तिला सांगितलं नाही.

तो दिवस असाच उजाडला. आत्या कापड धरून उभी, मी गुडघ्यावर, कोळी पानाच्या टोकाशी. तो आज काहीतरी मनात धरून आला होता. पानाच्या काठावर आला, पुढचे पाय उचलले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. उडी मारायच्या आधी हे कोळी असंच अंतर जोखतात. माझ्या लेन्सवर येणार असं मला वाटलं, ते नेहमीच येतात. मी श्वास रोखला. त्याने उडी मारली आणि तो दिसेनासा झाला.

"गेला?" आत्याने विचारलं.

मी वर बघितलं. "आत्या, हलू नको. तुझ्या चष्म्यावर आहे."

आत्या हलली नाही. वारं अडवताना हलायचं नाही हे तिच्या अंगात भिनलं होतं. डोळे मात्र तिने नाकाकडे वळवले, इतके की चकणी दिसायला लागली. कोळी डाव्या काचेच्या वरच्या कडेवर बसला होता. तो तिथून खाली वाकला आणि काचेतून आत, थेट तिच्या डोळ्यात बघायला लागला. मी सवयीने त्याच्यावर धावले. लेन्स पुढे, आणखी पुढे, त्याचे ते दोन मोठे काळे डोळे लख्ख दिसले, आणि त्याच्यामागे काहीतरी मोठं, धूसर, गदगदा हलायला लागलं. चौकटच हलायला लागली. मी कॅमेऱ्यातून डोळा काढला.

आत्या हसत होती. पोटातून निघालेलं ते हसू होतं, आणि ते थांबवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. दोन्ही हातांत कापड होतं. पदर खोचलेला होता. कापड सोडलं असतं तर वारं आलं असतं, म्हणून तिने ते सोडलं नाही, आणि तोंड तसंच उघडं, सताड, आख्खं हसत राहिलं. पडलेल्या दाताची खिडकी दिसत होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "गुदगुल्या करायलाय गं!" असं काहीतरी ती म्हणत होती.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला किड्यापेक्षा मागचं धूसर बघावंसं वाटलं. ही जवळची लेन्स लांबूनही फोटो काढते, आणि माणसांचे तर छानच काढते, हे मला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं. मी कधी करून बघितलं नव्हतं. मी मागे सरकले. आणखी मागे. एक पाय शेणात गेला, जाऊ दिला. आत्याचा आख्खा चेहरा चौकटीत आला, मागे कापडातून गाळलेलं ऊन. मी तिच्या उजव्या डोळ्यावर नजर साधली आणि बटण दाबलं.

कोळी मग आपण होऊन तिच्या खांद्यावर उतरला आणि तिथून रुईवर गेला. त्याचा त्या दिवशीचा एकही फोटो धड आला नाही.

घरी येऊन आत्याने तो फोटो बघितला आणि पहिलं वाक्य बोलली, "काढून टाक."

"का?"

"का म्हणजे? दात बघ. केस बघ. चष्म्यावर किडा बसलाय. हार घातलेली म्हातारी अशी असती का कुठं? लोक म्हणतील, मेल्यावर बी दात काढायलीय." आणि ती आंघोळीला निघून गेली.

मी काढून टाकला नाही. पण तिला तो नको असेल तर तो कुणाला दाखवायचा हक्क मला नव्हता, हेही मला कळत होतं. मी मुकाट्याने ऑफिसला गेले. संध्याकाळी परत आले तर आत्या माझ्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. फोटो कसा उघडायचा हे ती बघून बघून शिकली होती. तिने तो मोठा केला होता आणि हळूहळू खाली वर सरकवत होती. माझी चाहूल लागली तरी तिने मान वळवली नाही.

"डोळा आलाय," ती म्हणाली.

"हो."

"मी इतकी हसरी हाय व्हय गं?" तिच्या आवाजात तक्रार होती, इतके दिवस ही बातमी तिच्यापासून कुणी लपवून ठेवल्यासारखी. मग तिने खुर्चीत सरळ बसून निकाल दिला. "तुझ्या बापाला पाठव. हार तोच घालणार. त्यानं म्हणलं चालतंय तर ठेवू, नाहीतर आधारचा."

मी फोटो बाबांना पाठवला. बाबा गावी शेतावर असतात. फोन म्हणजे तार आहे आणि आवाज तारेतून ढकलत न्यायचा आहे, अशी त्यांची समजूत आहे, त्यामुळे ते नेहमी ओरडून बोलतात. पेरणी, ढग, शेजाऱ्याचा बांध, हे सगळं आमच्या मजल्यावरच्या चारही घरांना कळतं. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. मी स्पीकर लावून फोन मध्ये ठेवला. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, लाइन गेली.

"वाईट आलाय ना?" आत्याच घाईने म्हणाली. "मी म्हणलं हिला, काढून टाक. दात दिसायलाय."

"न्हाई अक्का." बाबा इतके हळू बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. "चांगला हाय. तू हसतीस कशी, ते कळायला लागल्यापासून मी कधी बघितलंच न्हवतं. पदरच असतोय."

"मग? ठेवू?"

माझी आजी, म्हणजे या दोघांची आई, बाबा रांगत असताना गेली. आत्या तेव्हा परकर नेसणारी पोर होती, तिनेच बाबांना कडेवर वाढवलं. आजीचा फोटो कुणी कधी काढलेला नाही. गावच्या देव्हाऱ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक आहे, पण टाकावरच्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात. बाबांच्या तोंडून आईबद्दलचा प्रश्न मी जन्मात ऐकला नव्हता.

"अक्का," ते म्हणाले, "समदे म्हणायचे, तू मायच्या तोंडावर गेलीस. माय अशीच दिसायची का गं?"

आत्या चष्मा काढून पदराने पुसत बसली. मग तो घालून तिने त्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे नाही, फोनकडे नाही. बघतच राहिली.

"व्हय रे बाळा," ती म्हणाली. "अशीच. दात तेवढे समदे होते तिला."